उलथनं की खुरपं

वीरभद्र चुकला, असं म्हणणारे धाराशिवात अजून भेटतात आणि माझं डोकं फिरतं. त्यांतल्या एकानंही गोल्फची काठी हातात धरलेली नाही. धरली मीही नाही. पण मी वीरभद्राच्या शेजारच्या घरात वाढले आणि सगळी हकिगत त्याच्या भावजयीच्या, इरम्माकाकूंच्या तोंडून ऐकली, तेव्हा बोलायचा हक्क माझा जास्त आहे.

निजामाच्या अमलात गावाबाहेरच्या माळावर साहेबलोकांनी गोल्फचं मैदान केलं होतं. मैदान कसलं, नुसता मुरूम, कुसळं आणि बोराटी. त्यात सहा भोकं. भोकाभोवती म्हणे मऊ हिरवळ राखायची असते. इथं प्यायच्या पाण्याची मारामार, हिरवळ कुठून आणणार? म्हणून बारीक वाळूत मोटारीचं जळकं तेल कालवून ती गोलाकार दाबून बसवली होती. साहेबांच्या पिशव्या वाहणारी माणसं त्या काळ्या सपाट गोलाला तवा म्हणत.

वीरभद्र त्या माणसांत सगळ्यांत जुना. मूळचा उमरग्याकडचा, चाळिशी उलटलेला, कपाळावर भस्म, घरात बोली कानडी. सोळा वर्षं त्यानं पिशव्या वाहिल्या. पण पिशवी वाहणं हे हमालाचं काम. वीरभद्राचं खरं काम चेंडू तव्याजवळ येऊन पडला की सुरू व्हायचं. लांबचा टोला कुणीबी हाणतंय, असं तो म्हणे; तव्याच्या कडेवरून चेंडू भोकाजवळ न्यायला कुठली काठी घ्यायची, तिथं माणसाची अक्कल कळते.

काठ्यांच्या लोखंडी पात्यांवर आकडे कोरलेले असत. त्याला आकडे येत होते, तरी नावं त्यानं आपली ठेवली होती. सात आकड्याची काठी म्हणजे उलथनं. तिचं पातं जरा उभट, त्यामुळे चेंडू वीतभर उचलला जातो, तव्याच्या कडेला टेकतो आणि घरंगळत भोकाकडे जातो. नऊ आकड्याची काठी म्हणजे खुरपं. तिचं पातं मागं कललेलं, चेंडूला उंच उडवणारं. मध्ये दगडगोटे नाहीतर बोराटी असली तरच खुरपं घ्यायचं. वाट मोकळी असली तर उलथनंच. आमच्या माळावर तर नक्कीच, कारण टणक मुरमावर खुरप्याचं बूड आपटून उसळी घेतं, पात्याची धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू सुसाट कुठच्या कुठं जातो. हे ज्ञान त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हजार वेळा बघून ते त्याच्या अंगात मुरलं होतं.

सत्तेचाळीस साली निजामाचा ताडीवरचा महसूल बुडवायला शिंदीची झाडं तोडायची चळवळ झाली आणि त्याचा धाकटा भाऊ शंकरप्पा तीत पकडला गेला. लग्नाला तीन वर्षं झालेली, बायको इरम्मा वीरभद्राच्याच घरी. वीरभद्राची स्वतःची बायको कधीच वारली होती. दिवाळीनंतर तो तुरुंगात भावाला भेटून आला. शंकरप्पाला रक्ताची हगवण लागली होती आणि त्याच्या दंडाला वीरभद्राची दोन बोटं पुरत होती. घरी येऊन त्यानं इरम्माला काही लपवलं नाही.

"म्हैनाभर अजून आत ऱ्हायला तर जगत न्हाय त्यो," तो म्हणाला.

संक्रांतीच्या आधी हैदराबादेहून एक बडा साहेब कैद्यांची यादी तपासायला यायचा होता. भरवशाचा जामीन मिळाला, तर किरकोळ कैदी सोडायचा अधिकार त्याला होता. आणि हा साहेब गोल्फचा वेडा, म्हणजे जिल्ह्याच्या साहेबाबरोबर एक खेळ ठरलेला. पाहुण्याची पिशवी वीरभद्राकडे आली. जिल्ह्याच्या साहेबाची पिशवी पाशामियाँकडे होती. हा पाशामियाँ वीरभद्राचा जिवाभावाचा दोस्त. त्यानंच उर्दूत अर्ज लिहवून आणला: अर्जदार इमानी आणि भरवशाचा माणूस असून भावाच्या वर्तणुकीची हमी घेतो.

"जितला की लगेच कागद पुढं कर," पाशामियाँनं सांगितलं. "जितलेला मानूस नाय म्हनत नाही."

पाहुणा उत्तरेकडचा, उर्दू अगदी घोटीव. एक विचित्र सवय होती त्याला: काठी दुसऱ्यानं दिलेली चालायची नाही, पिशवीतून स्वतः उपसणार. बाकी त्या सकाळी सगळं झकास चाललं होतं. पाच भोकं वीरभद्र मान हलवेल तीच काठी घेऊन तो खेळला, दोनदा "शाबाश"ही म्हणाला. सहाव्या भोकाशी आले तेव्हा पाहुणा एका टोल्यानं पुढं होता. त्याचा चेंडू तव्यापासून चार पावलांवर, उघड्या मुरमावर. मध्ये काडीसुद्धा नव्हती. एका टोल्यात चेंडू भोकाजवळ नेला, दुसऱ्यात आत लोटला, की खेळ जिंकला.

पाहुण्यानं चेंडूवरची नजर न काढता पिशवीत हात घातला. सातची काठी अर्धी वर ओढून त्यानं विचारलं, "सात?"

"हौ," वीरभद्र म्हणाला.

आमच्याकडे होकाराला हौ म्हणतात. दखनी बोलणारा मुसलमान म्हणतो आणि कानडी बोलणारा लिंगायतही म्हणतो. पाच भोकं वीरभद्र नुसती मान हलवत आला होता. आता पाहुणा पाठमोरा होता, म्हणून तो बोलला. वारा होता. पाहुण्याच्या मुलखात होकाराला हाँ म्हणतात, हौ नाही. त्याला ऐकू आलं, नौ.

त्यानं सातची काठी परत खाली सोडली आणि नऊची उपसली. वीरभद्रानं ते बघितलं. पण पाहुणा तोवर चेंडूवर वाकला होता, आणि साहेब चेंडूवर वाकला की पिशवीवाल्यानं तोंड उघडायचं नाही, हा सोळा वर्षांचा दंडक. खुरप्याचं बूड मुरमावर खणकन आपटलं, चेंडू तव्यावरून सणाणत पलीकडच्या बोराटीत घुसला. तिथून बाहेर काढायला चार टोले लागले. पाहुणा हरला.

"नौ किसने कहा था?" पाहुणा गरजला.

जिल्ह्याचा साहेब हसू दाबत उभा, मागे चार शिपाई. वीरभद्राला खरं सांगता येत होतं. हौ म्हणालो हुजूर, नौ नाही, एवढंच. पण तसं म्हणायचं म्हणजे चार माणसांत साहेबाच्या कानाला दोष द्यायचा. ज्याच्याकडे भावाचा जीव मागायचा, त्यालाच खोटं पाडायचं! वीरभद्रानं हात जोडले.

"गलती मेरी, हुजूर. मुँह से नौ निकल गया."

आणि खरंच पाहुणा निवळला. हातानंच जाऊ दे म्हणाला. वीरभद्राला वाटलं, नमतं घेतलं ते फळलं. त्यानं छातीशी धरलेला अर्ज काढून पुढे केला. पाहुण्यानं तो उभ्याउभ्या वाचला. "इमानी, भरवशाचा" इथं आला आणि थांबला.

"तुझे सात और नौ का फ़र्क़ मालूम नहीं," तो म्हणाला, "और तू ज़मानत देगा?"

आता जिल्ह्याचा साहेबही मोकळेपणानं हसला. कागद परत वीरभद्राच्या हातात आला.

शंकरप्पा तेविसाव्या दिवशी तुरुंगातच वारला. वीरभद्राच्या तोंडून चुकीचा आकडा निघाला ही बातमी शिपायांनी गावभर केलीच होती. इरम्मानं विचारलं तेव्हा त्यानंही तेच सांगितलं, चूक माझी. घरात तरी खरं बोलायचं की! पण नाही. एकदा मान खाली घातली ती घातलीच. इरम्मानं त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन वेळा भाकरी वाढायची आणि ताट त्याच्याकडे सरकवायची, दीड वर्ष.

मधल्या काळात निजामाचं राज्य गेलं, साहेब गेले, तव्यावर म्हशी बसायला लागल्या. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत पाशामियाँचे दोन भाऊ मारले गेले. एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात तो बायकोला, लालबीला घेऊन कायमचा हैदराबादला निघाला आणि निरोप घ्यायला आला. वीरभद्र ओट्यावर बसला होता. त्या घरातला अबोला पाशामियाँला ठाऊक होता. जाताना तो दारातल्या इरम्माला म्हणाला, "वहिनी, म्या शेजारीच हुबा होतो. त्यानं हौ म्हनलं. नौ साहेबाच्या कानात झालं. ह्याच्यावर राग नका धरू."

पाशामियाँ गेला. इरम्मा ओट्यावर आली आणि दीड वर्षानं बोलली.

"भावजी, हौ म्हनला व्हता तुमी?"

"व्हय."

"मंग साहेबाला का न्हाय सांगितलं?"

"चार मान्सांत त्यो खोटा पडला असता, बाई."

"तुमी चुकला असता," ती म्हणाली, "तर कवातरी म्या माफ केलं असतं."

आणि ती भाकऱ्या थापायला आत गेली.