बोडीची वाडी झाली त्याची गोष्ट

जेसीबी पाळीवर चढला होता आणि त्याच्या समोर शेवंताबाई मांडी घालून बसल्या होत्या. पाळीचा दोन हात भाग तोवर कापून झाला होता.

मी गाडीतून उतरले तसे नागपूरचे गिऱ्हाईक माझ्यावर धावून आले. "मॅडम, ये क्या तमाशा है? तुमच्या कागदात वाडी लिहिली आहे. वाडी साफ करायला तुम्हीच हो म्हणालात!"

त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. 'दोन एकर शेत, सोबत वाडी.' खाली माझ्या जमीन-दलालीच्या ऑफिसचं नाव.

वाडी कुठली? ती बोडी होती. आमच्या गोंदियाकडे शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात आणि तिच्या बांधाला पाळ. ही बोडी शेवंताबाईंच्या आजेसासऱ्यांनी खोदलेली. खालच्या सात घरांचं धान तिच्या पाण्यावर पिकतं. रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, महिना उरला होता. बाई मुलीकडे रायपूरला राहायला निघाल्या होत्या, म्हणून शेत विकत होत्या. अट एकच होती, बोडी बुजवायची नाही. तसा त्यांनी सातही घरांना शब्द दिला होता.

"फोनवर तीनदा सांगतलं तुमच्या पोरीले," शेवंताबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मंग हा बोडी बुजवाले काऊन आला?"

मी तिथूनच 'त्या पोरीला' फोन लावला. ऋचा, आमची रिमोट असिस्टंट. पुण्यात घरी बसून आमचे फोन घ्यायची आणि लिस्टिंग, म्हणजे जमिनीची जाहिरात, लिहायची.

"मॅम, बोडी असा शब्दच नाहीये. मी डिक्शनरीत बघितलं. म्हणून वाडी करेक्ट केलं."

"आणि अट?"

"'वाडी बुजवायची नाही' याला काही अर्थच लागेना. म्हणून ती ओळ काढली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द कळला नाही तर विचारावा ना! पण तिला तरी किती बोलणार? ती लिस्टिंग न वाचता मीच अप्रूव्ह केली होती. इसारपत्र, म्हणजे सौदा ठरल्याचा कागद, त्याच मजकुरावरून टाईप झालं होतं. बाईंनी माझ्या भरवशावर सही केली होती. याची मला आजही लाज वाटते.

आणि सुनीता? केशोरी गावची सुनीता नऊ वर्षं आमच्या ऑफिसात होती. तिला बोडी, बांध, शेताकडे जाणारी पांदण, सगळं पाठ. माझे पार्टनर दिनेशभाई म्हणाले होते, "आजकल सब ऑनलाइन होता है, मॅडम. ऑफिसात बसून कुर्सी कायले गरम करायची?" मी मान डोलावली, सुनीताला कामावरून काढलं आणि तिच्या जागी ऋचाला घेतलं. शेवटच्या दिवशीही ती म्हणत होती, "मॅडम, शेवंताबाईचं शेत एकदा जाऊन पाहू द्या." मी म्हटलं, फोटो आलेत.

गिऱ्हाईकाला बोडी नको होती, रिसॉर्टला सपाट जागा हवी होती. सौदा तिथेच मोडला. ते जेसीबी घेऊन निघून गेले, कापलेली पाळ तशीच टाकून. मग सात घरची माणसं घमेली घेऊन आली. मीही साडी खोचून माती वाहिली. मला कोणी नको म्हटलं नाही आणि बसा असंही म्हटलं नाही.

निघताना शेवंताबाई एवढंच बोलल्या. "जमीन विकीन. पण तुमच्या हातानं नाही."

दुसऱ्या दिवशी मी सुनीताच्या घरी गेले. दिनेशभाई सोबत होते, चेहरा पाडून.

"परत ये," मी म्हटलं. "ऑफिसात तुझं टेबल तसंच आहे."

"टेबल कायले पाहिजे?"

दिनेशभाईंना आशा वाटली. "मतलब, घर से काम करेगी? रिमोट?"

सुनीता त्यांच्याकडे बघतच राहिली. "भाऊ, जमीन तुमच्या ऑफिसात आहे का माझ्या घरात?"

ती परत आली, तिच्या अटीवर. सकाळी स्कूटी घेऊन निघते, शेतात उभी राहते, मग लिहिते. तिने लिहिलेलं मी शब्दन् शब्द वाचते. शेवंताबाईंचं शेत पुढे खालच्याच एका घराने घेतलं, बोडीसकट. तो सौदा सुनीताने जुळवला. कागदावर माझ्या ऑफिसचं नाव नाही, बाईंनी घालू दिलं नाही.