पुढच्या डाव्या चाकाशी ओलं

तुझं पत्र पोचलं. गाडीच्या पुढच्या चाकाशी जमीन ओली दिसली, म्हणून तू ती दुरुस्तीवाल्याकडे नेलीस आणि त्यानं कसलंसं यंत्र लावून पाच मिनिटांत दोष सांगितला, हे वाचून मला हसू आलं. असंच ओलं मी एकदा अडीच तास तपासलं होतं, वहीत टिपणं काढून, आणि तरी उत्तर चुकवलं होतं. तुम्हा भावंडांना ते कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते.

माझं लग्न होऊन दहा महिने झाले होते. सासर महाडपासून दोन मैलांवर, पोलादपूरच्या रस्त्याला लागून. तुमचे आजोबा मुंबईला नोकरीत, महिन्यातून एकदा येत. मी पुण्याहून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, पण घरात माझ्या इंग्रजीला काम एकच, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणं. अशात पोलादपूरच्या नव्या हायस्कुलात इंग्रजीला शिक्षक हवा असल्याचं कळलं. मी अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. तुमच्या आजोबांनी मुंबईहून लिहिलं, "वडील म्हणतील तसं." वडील म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणे. त्यांनी दोन दिवस विचार करून निकाल दिला.

"जाऊ दे तिला. पण आपल्या जीपनं. आमच्या घरची सून एष्टीत लोकांचे धक्के खात जायची नाय."

म्हणजे माझी नोकरी जीपवर अवलंबून.

ती लष्कराच्या लिलावातली जुनी जीप, स्टिअरिंग डावीकडे. मामंजींना ती पोटच्या पोरासारखी. ड्रायव्हर चाळिशीचा, भरघोस मिशांचा, कशेडीकडच्या एका वाडीतला. मुंबईत काही वर्षं टॅक्सी चालवून परत आलेला. जीपला एक खोड होती. ती आमच्या दारात थांबत नसे. ड्रायव्हर दाराच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक दाबायला सुरुवात करी, आणि तरी गाडी पुढच्या घराच्या विहिरीपाशी थांबे. मामंजी तिथं उतरून तेवढं अंतर डौलात मागे चालत येत. कुणी विचारलंच तर म्हणत, "वजनदार गाडी हाय. हत्ती काय शेळीसारखा जागच्या जागी थांबतो?"

त्याच महिन्यात घरात आणखी एक गोष्ट चालली होती. सासूबाईंच्या बाटलीतलं एरंडेल कमी होत होतं. एरंडेल त्या घरीच काढत, बिया भाजून, कुटून, उकळून. दर रविवारी घरातल्या पोरांना एकेक चमचा. बाटली दोन बोटं खाली गेली, मग चार बोटं. त्यांनी घरातल्या एकेकाला संशयातून वगळलं आणि शेवटी मी उरले.

"काय गो सूनबाई, पोट साफ होत नाय काय तुजं?"

"होतं की, आत्याबाई."

"लाजू नको. बसून बसून पुस्तकं वाचली की होतंच तसं. पण इतकं पिऊ नये, आतडी सैल पडतात."

मी शपथ घेतली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात पालेभाजी दुप्पट वाढू लागल्या.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी सातला मी नेसून-सवरून अंगणात आले, तर पुढच्या डाव्या चाकाशी ताटलीएवढं ओलं.

"नारळ फोडला ना मी, तुमच्या कामासाठी," ड्रायव्हर घाईनं म्हणाला. "त्याचं पाणी हाय."

नारळाच्या करवंट्या उजव्या चाकाशी पडल्या होत्या. मी ते दाखवलं.

"मग कुत्रा," मामंजी म्हणाले. "गाडीचं चाक दिसलं की कुत्र्याला राहवत नाय."

मी वाकून बोट लावलं. दाट, पिवळसर, चिकट. कुत्रा निर्दोष होता.

सीटखाली जीपचं इंग्रजी पुस्तक होतं. ते आजवर कुणी उघडलं नव्हतं, कारण वाचणार कोण? मी ते ओसरीवर घेऊन बसले. जुन्या कॅलेंडरचे कागद कोऱ्या बाजूनं वर करून इंजिनाखाली आणि चाकाखाली पसरले, म्हणजे थेंब नेमका कुठून पडतो ते कळेल. अर्ध्या तासानं इंजिनाखालचा कागद कोरडा आणि चाकाखालचा डागाळलेला. वहीत लिहिलं: पाणी नव्हे, पेट्रोल नव्हे, इंजिनाचं ऑइलही नव्हे, कारण ते काळं असतं. मामंजी शेजारी उभं राहून प्रत्येक "नव्हे"ला मान डोलावत होते, जणू कोर्टात आमची बाजू वर चालली आहे.

उरल्या दोन गोष्टी. एक, ब्रेकचं ऑइल. ते गळत असेल तर गाडी जागची हलवू नये, असं पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. दुसरी, चाकाच्या सांध्यातलं वंगण. ते थोडं गळलं तरी नऊ-दहा मैल जायला हरकत नसावी. पुस्तकाप्रमाणे ब्रेकचं ऑइल पातळ आणि स्पिरिटच्या वासाचं. आमचं दाट, आणि स्पिरिटचा वास मुळीच नाही. मी वहीत लिहिलं, "सांध्यातलं वंगण. जाण्यास हरकत नाही," आणि खाली दोन रेघा मारल्या.

आज कबूल करते. मला पोलादपूरला नेईल असंच उत्तर मला हवं होतं. ड्रायव्हर ब्रेकचं नाव निघताच मिशी चावू लागला होता, ते मी पाहिलं आणि वहीत टिपलं नाही.

साडेनऊला सासूबाई माझ्या हातावर दही द्यायला बाहेर आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी चमचा तसाच धरून माझी बोटं हुंगली.

"हे माझं एरंडेल."

"आत्याबाई, हे गाडीतलं आहे."

"गाडीतलं असेल, पण माझं हाय. भाजताना करपलं व्हतं या खेपेला. तो वास मला कळत नाय?" त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "काय रे?"

ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, "आक्का, बिरेकचं ऑइल कमी होत व्हतं. मालकांना सांगायचं भ्या वाटलं. मुंबईचा उस्ताद बोललेला, त्या ऑइलात एरंडेलच अस्तंय. म्हणून ओतलं."

"बैलगाडीच्या वंगणाचा डबा व्हता ना गोठ्यात?"

"ते मळकं अस्तंय आक्का. बिरेक नाजूक. म्हणून पोटाचं घेतलं."

"आणि गाडी थांबते कशी?"

"चारदा पाय मारला की लागतो बिरेक. न्हायतर विहिरीपाशी चढ हायच की."

मामंजींचा हत्ती तिथल्या तिथं बसला. त्यांनी विहिरीकडे बघितलं. मग घसा साफ करून म्हणाले, "देवाच्या मनात नाय म्हणायचं. राहू दे मुलाखत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वही मिटली.

"देवानं ओतलं काय एरंडेल?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या ड्रायव्हरनं ओतलं. मी महिनाभर पोरीच्या पोटावर आळ घेतला. आता ती एष्टीनं जाईल."

"आमची सून एष्टीत उभी राहून?"

"ती बसेल. मी उभी राहीन तिच्या बाजूला."

त्या खरंच चप्पल घालून फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बायको एस.टी.त उभी आणि आपण ओसरीवर, हे मामंजींना जमणारं नव्हतं. दहाच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. जागा दोनच मिळाल्या. मामंजी काळा कोट घालून, दांडा धरून पोलादपूरपर्यंत उभे. वाटेत धक्के पुष्कळ बसले, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण कंडक्टर म्हणाला, "जरा पुढं सरका, आजोबा," ते मात्र त्यांनी पुढली वीस वर्षं लक्षात ठेवलं. पंचावन्नही पूर्ण नव्हते त्यांना.

मुलाखत झाली. इंग्रजीत उतारा वाचला, फळ्यावर वाक्यं लिहिली. कमिटीच्या अध्यक्षांनी माझ्या हातातून खडू घेताना नाक किंचित मुरडलं, पण सोमवारपासून या म्हणाले. बाहेर बाकावर सासूबाई शिपायाला एरंडेल काढायची कृती सांगत बसल्या होत्या.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी ड्रायव्हरला अंगणात बसवलं आणि बाटलीतलं उरलेलं एरंडेल दोन चमचे त्याला पाजलं. "गाडीला दिलंस तसं तूही घे." दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

आठवड्याभरात मुंबईहून चाकातलं रबर आणि खरं ऑइल आलं, आणि मामंजींनी जाहीर केलं की आता सूनबाई जीपनं शाळेत जाईल. मी गेले. ब्रेक आता पाय लावताच लागत होता, पण ड्रायव्हरच्या पायाला सवय जुनी. शाळेच्या बऱ्याच अलीकडे, एका गोठ्यासमोर, गाडी कच्चकन थांबली, आणि मुलांच्या देखत मी उरलेला रस्ता वह्या सावरत चालत गेले. दुसऱ्या दिवसापासून मी दहाची एस.टी. धरली. मामंजी स्वतःही तेव्हापासून दाराच्या बऱ्याच अलीकडे उतरून पुढे चालत येत असत.