परीक्षेसाठी दिलेली खिडकी

आमच्या घरात परीक्षा हे दैवत होतं. आई मराठी शाळेतली शिक्षिका, आणि ज्याची परीक्षा त्याला मल्हारगंजातल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली, हा तिचा कायदा. बाकीच्यांनी मुकाट्याने मधल्या खोलीत मुक्काम हलवायचा. दहावीला ती खोली मला मिळाली, आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेलाही मिळाली. त्रेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा मिळाली, आणि तेव्हा मिळायला नको होती.

आमच्या ऑफिसकडे शहराबाहेर राऊला होणाऱ्या एका कॉलेजच्या इमारतीचं काम आलं. मालकांना ती ‘ग्रीन बिल्डिंग’ हवी होती, म्हणजे ऊन, वारा, पाणी, वीज यांचा विचार करून बांधलेली आणि तसं प्रमाणपत्र मिळवलेली. त्यासाठी ऑफिसातल्या कुणीतरी एक परीक्षा पास व्हायला हवं होतं. साहेब म्हणाले, “ये तो आप ही कर सकती हैं.” मी फुगले आणि हो म्हणाले.

तेव्हा आईचा खुबा मोडून चार महिने झाले होते. घरात आम्ही दोघीच. तिचा पलंग रस्त्याकडच्या खिडकीशी लावला होता आणि ती खिडकी हाच तिचा दिवस होता. समोरच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक, सगळ्या गल्लीचे भिया, म्हणजे भाऊ, शटर उचलताना वर बघून “अम्माजी, प्रणाम” म्हणायचे. भाजीवाली उशिरा आली तर आई वरूनच कारण विचारायची. सगळ्या गल्लीची हजेरी ती पलंगावरून घेत असे.

मी मधल्या खोलीत पुस्तकं मांडली. दोनच दिवसांत आई म्हणाली, “तिथे ट्यूबलाइटमध्ये काय पढाई करतेस? तू इथे बस. मी अंदर झोपते, मला काय फरक पडतो?”

मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा भियांच्या दुकानातल्या दोघा नोकरांना वर बोलावलं आणि पलंग आत नेला. “दोन महिने फक्त, परीक्षा झाली की परत इथेच,” मी तिला सांगितलं.

मधल्या खोलीला खिडकी नाही. दिवसभर दिवा लावावा लागतो.

अभ्यास इंग्रजीतला, पाठांतराचा, आणि पाठांतर या वयात माझ्याशी भांडायचं. सराव परीक्षेत नापास झाले की धीर सुटायचा. मी तारीख पुढे ढकलली. मग आणखी एकदा ढकलली. आई दोन्ही वेळा म्हणाली, “तयारी झाल्याशिवाय बसू नये.” दोन महिन्यांचे सात झाले.

त्या पुस्तकात एक प्रकरण होतं: माणूस जिथे दिवसाचे बरेच तास काढतो, तिथून त्याला बाहेरचं दिसलं पाहिजे. आकाश, झाड, येणारी-जाणारी माणसं. ते वाचताना माझ्या लक्षात आलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आलं होतं. मी पान उलटलं. त्याच आठवड्यात कॉलेजच्या क्लार्क लोकांची टेबलं खिडकीशी हवीत म्हणून मी साहेबांशी तासभर वाद घातला, आणि जिंकले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

आत आई झोपायची. अवेळी झोपायची, अवेळी उठायची. एकदा दुपारी तीनला तिने हाक मारून विचारलं, “उजाडलं का ग?” मी रस्त्याकडच्या खोलीतून ओरडले, “आई, मला डिस्टर्ब नको करू.” त्यानंतर तिने वेळ विचारणं सोडलं. मला ते सोयीचं वाटलं, हे लिहायची लाज वाटते.

परीक्षा सकाळीच, केंद्रातल्या कॉम्प्युटरवर होती; निकाल तिथेच स्क्रीनवर दिसला. पास. परत आले ती थेट भियांच्या दुकानात गेले, दोघांना वर आणलं आणि पलंग खिडकीशी लावला. सकाळचे अकरा वाजले होते, गल्ली भरलेली होती. भियांनी खालून हात जोडले.

आईने डोळ्यांवर पदर ओढला. “कोण आहे ते? बंद कर ग, डोळ्यांना चुभतंय.”

मी पडदा लावला. थोड्या वेळाने उघडला. तिने भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस मी हेच करत होते, लाडीगोडीने, मग रागावून. पाचव्या दिवशी ती माझा हात धरून म्हणाली, “मला अंदर ने. इथे तुझ्या पढाईची खोटी होते.”

“आई, परीक्षा झाली. मी पास झाले.”

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघावं तसं, पण मायेनं. “असं म्हणू नये,” ती म्हणाली. “बस अभ्यासाला.”

मी तिला आत नेलं. पुढचे दीड महिने, ती होती तोवर, ती मला अभ्यासाला बस म्हणायची आणि मी रस्त्याकडच्या खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसायचे.