गव्याचे वशिंड

"ही रायफल चोरीची आहे. तुम्ही फक्त तसे लिहून द्या," असे फौजदारसाहेब म्हणाले, तेव्हा मी तिचा बोल्टही उघडला नव्हता.

साताऱ्यात माझे बंदूकदुरुस्तीचे दुकान होते. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि पोलीस घरोघरची हत्यारे तपासत होते. ही रायफल आष्ट्याचे पेन्शनर जमादार गणपतराव यांच्याकडची होती. ती त्यांच्या मयत चुलत्याची. लोखंडावर नाजूक वेलबुट्टी होती, बनवणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नव्हते. पुण्याच्या एका बंदूकविक्रेत्याने मत दिले, की असे काम लंडनखेरीज होत नाही. म्हणजे ती कोणा साहेबाच्या बंगल्यातून उचललेली. हे मत टिकले असते तर गणपतराव तुरुंगात गेले असते आणि त्यांची पेन्शनही गेली असती.

आजही काही लोक सांगतात, की मला नळीखाली नाव सापडले. काही म्हणतात, मला जमादाराची दया आली. दोन्ही खोटे. दयेने रायफल ओळखता येत नाही.

"आवं मिस्त्री," गणपतराव म्हणाले, "चुलता म्हनायचा, हितंच घडवलीया. कुनी, ते म्या कवा इचारलंच न्हाई."

"मग आता गप्प बसा. मला बघू द्या."

नळीवर विलायती प्रूफचा शिक्का होता. जास्त दारू भरून नळी तपासली, की हा शिक्का मारतात. पुण्याच्या गृहस्थांची सारी भिस्त त्यावर होती. परंतु नळी आणि बोल्ट सुटे विकत मिळत. त्यांना लाकडी दस्ता बसवून, घासून, नक्षी काढून रायफल पुरी करणारा तो तिचा कारागीर. शिक्का नळीची परीक्षा कोठे झाली ते सांगतो, त्यापलीकडे काही नाही.

मग मी मॅगझिनखालची, म्हणजे काडतुसांच्या पेटीखालची, पट्टी पाहिली. तिच्यावर झाडीत उभा गवा कोरला होता. मी हसलो.

"काय झाले?" फौजदारांनी विचारले.

"साहेब, गव्याची शिंगे बाजूंना फाकून वर वळतात. याची कपाळाच्या रेषेत मागे गेली आहेत. वर हे ताठ वशिंड. हा खिलार बैल आहे. लंडनच्या कारागिराने खिलार कोठे पाहिला?"

"चित्रात पाहिला असेल!"

"चित्र पाहून काढणाऱ्याने गव्याचेच चित्र पाहिले असते."

वेलीच्या प्रत्येक वळणाच्या टोकाला छिन्नीचा एक आडवा ठोका होता. तो हात मला शोधायचा होता. बैलावर ज्याचा हात एवढा बसला आहे, तो बैलांच्याच कामातला असणार. म्हणून मी तासगावच्या बैलबाजारात गेलो आणि शिंगांच्या पितळी शेंब्या पाहत हिंडलो. दुपारपर्यंत एका जोडीच्या शेंब्यांवर तीच वेल दिसली, तोच आडवा ठोका.

"कुणाच्या हातच्या या?" मी बैलवाल्याला विचारले.

"बिरूच्या. आटपाडीकडचा हाय. पर लय तिरसट म्हातारा, मिस्त्री. नीट बोला."

बिरू खरोखर तिरसट होता. धनगराचा मुलगा, पलटणीत कोतात, म्हणजे हत्यारखान्यात, मिस्त्रीकाम शिकलेला. गणपतरावांचा चुलता त्याच पलटणीतला. मी बरोबर नेलेली रायफल पाहताच तो म्हणाला, "दस्त्याला तेल न्हाई लावलं व्हय कुनी? नालायक हायती सगळी!"

त्याला मी साताऱ्यास आणले. फौजदारांनी पितळेचा पत्रा पुढे सरकवला. बिरूने चार ठोक्यांत वेल वळवली आणि टोकाला आडवा घाव दिला. मी रायफलची पट्टी शेजारी ठेवली. दोन्हींत फरक नव्हता.

"आणि हा गवा?" फौजदारांनी विचारले.

"रायफलीचा मालक, जमादाराचा चुलता, म्हनला, गवा काढ. आमच्या माळावर गवा कुठला? म्या इचारलं, कसा असतोय? म्हनला, रानातला बैलच की रं. मग काढला बैल."

"नाव का नाही घातले?"

"साहेब, दसऱ्याला हत्यार पुजत्यात. माझ्या नावावर हळद-कुंकू वाहून घेऊ? मी काय देव हाय?"

फौजदार हसले आणि गणपतरावांना रायफल परत मिळाली. पुण्याच्या गृहस्थांनी आपले मत शेवटपर्यंत बदलले नाही. पुढे ते म्हणत, की लंडनमध्ये खिलार बैल ठाऊक असणारा कोणी असेलच.

माझे म्हणणे एवढेच आहे. निनावी कामाला लोक सर्वांत दूरचे नाव देतात, कारण जवळच्या माणसाकडे जाऊन विचारायला चालावे लागते.