सुभद्रेने सोडलेले मासे

आचऱ्याच्या सुभद्रेने मासे सोडले तेव्हा तिची एकुलती लेक दीपिका शाळेत जात होती. नवरा सत्यवान गोव्यात एका हॉटेलाचे स्टोअर सांभाळायचा आणि आठवड्याने घरी यायचा, तो पिऊनच. शेवटी सुभद्रेने त्याला कुणकेश्वराला नेले. देवासमोर दोघांनी शब्द दिला, त्याने दारू सोडायची आणि तिने मासे.

त्यानंतर तो कधी झिंगून आला नाही. सुभद्रा बापलेकीसाठी बांगड्याचे तिखले करी, चव बघायला दीपिकाला हाक मारी आणि स्वतः वालीच्या भाजीवर जेवी. शेजारणी चेष्टा करत, पण तिला त्याचा मनातून अभिमानच होता.

गेल्या डिसेंबरात दीपिकाने आईबाबांना दोडामार्गाकडची नवी वायनरी बघायला नेले. जांभळाची आणि काजूच्या बोंडांची वाइन होते कशी, ते तिथे हिंडवून दाखवत. स्टीलच्या उंच टाक्या, थंडगार खोल्या, सगळे बघताना सुभद्रेला मजा वाटली. शेवटी टेबलावर प्रत्येकापुढे छोटे ग्लास मांडले. सत्यवानाने आपला ग्लास हाताने बाजूला सारला. सुभद्रेला बरे वाटले.

बाटली घेऊन आलेला वेटर त्याच्यापाशी थबकला.

"काका, तुमी हंय?"

पूर्वी आपण पणजीत एका बारमध्ये कामाला होतो, हे त्याने आपणहून सांगितले. गावी जायच्या आदल्या रात्री काका हटकून यायचे, नेहमीच्या कोपऱ्यात बसायचे. रिटायर झाल्यावरही अधूनमधून यायचे. सत्यवान डोळ्यांनी त्याला गप्प करत होता, ते त्या भल्या माणसाच्या ध्यानातच येईना.

सुभद्रेने नवऱ्याकडे पाहिले नाही. तिने लेकीकडे पाहिले. दीपिका दचकली नव्हती.

"तुका म्हायत होता?"

"आये, तुझ्या जिवाक लागात म्हणान सांगूक नाय."

"माझ्या पानात म्हावरा नाय, ता मात्र तुका रोज दिसत होता," सुभद्रा हळूच म्हणाली आणि उठून गाडीत जाऊन बसली.

परतताना सत्यवान समजावत राहिला. थोडीच घ्यायचो, घरात कधी त्रास दिला नाही, असे काहीबाही. ती खिडकीबाहेर बघत होती. नवऱ्याचे खोटे तिने आधीही पचवले होते. लेकीचे घशाखाली उतरत नव्हते.

दोन दिवसांनी ती एकटीच कुणकेश्वराला गेली. देवाला काय सांगितले ते कुणालाच कळले नाही. येताना तिने बांगडे आणले, तळले आणि पाट घेऊन एकटीच जेवायला बसली. पहिल्याच घासाला वास नकोसा झाला. पूर्वीची चव लागेल म्हणून ती चावत राहिली. लागली नाही.

सत्यवान दारात येऊन उभा राहिला. तिने उरलेले मासे त्याच्यापुढे सरकवले आणि हात धुवायला मागच्या पडवीत गेली. आत तिचा मोबाइल वाजत होता, या वेळेला फोन दीपिकाचाच असायचा. तिने तो वाजू दिला.