गव्हामागून ज्वारी

बाभुळगावचा धम्मरत्न मोबाईलवर पाहून पाहूनच प्रोग्रामिंग शिकला. दोन वर्षं खपून त्यानं पिठाच्या गिरण्यांसाठी ॲप बनवलं. त्यातली अक्कल मात्र गावातल्या नानाजींच्या गिरणीतली. नानाजी डबे आले त्या क्रमानं दळत नाहीत. आधी सगळ्यांचा गहू, मग ज्वारी, शेवटी हरभरा. म्हणजे एकाचं बेसन दुसऱ्याच्या पोळीत जात नाही. ॲप तशीच पाळी लावायचं आणि दळण टाकून गेलेल्या बाईला घरी कळवायचं, तुमचं दळण चार वाजता निघेल. साठ गिरण्यांनी ते घेतलं. धम्मरत्नचं घर त्यावरच चालू लागलं.

मग परराज्यातल्या एका कंपनीची नोटीस आली. धान्याच्या जातीप्रमाणे पाळी लावून गिऱ्हाइकाला वेळ कळवायची पद्धत आमच्या पेटंटची आहे. ॲप बंद करा, नाहीतर कोर्टात भेटू.

आपलं खरं आहे, मग लपवायचं कशाला? धम्मरत्ननं त्याच दिवशी ईमेल धाडला. होय, आमचं ॲप अगदी असंच चालतं. येऊन पाहा, चहा घेऊन जा.

मग तो सल्ल्यासाठी नागपूरच्या वकीलबाईंकडे गेला. त्यांनी तो ईमेल दोनदा वाचला.

"हे कोणाला विचारून लिहिलं?"

"कोणालेच नाई. खरं होतं थे लिवलं."

"कबुली दिलीत भाऊ, वर चहाचं आमंत्रण."

"पण मॅडम, नानाजी चाळीस वर्सापासून असंच दळून राह्यले."

"कुठं छापलंय? पेटंटच्या आधीच्या तारखेसकट?"

दळण कसं दळावं हे कोण छापून ठेवतं?

"पेटंट रद्द होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "पण हायकोर्ट, तज्ज्ञ, तीन-चार वर्षं. आठ लाख तर सुरुवातीलाच."

घरी बायकोनं, सत्यशीलानं, सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे जितालेच पैसे लागते," ती म्हणाली, "हारनं फुकट हाय."

आठवड्यानं धम्मरत्ननं कंपनीच्या हमीपत्रावर सही केली. पद्धत कंपनीची, ॲप बंद करतो, असं त्यात लिहिलं होतं. मग त्यानं पहिला फोन नानाजींना लावला आणि पद्धत आता कंपनीची ठरल्याचं सांगितलं.

"मंग मी काय चाळीस वर्सं त्याइचं चोरून दळून राह्यलो का रे?"

"नाई नानाजी. तुमी दळा. ॲप बंद झालं."

"अन् तू सही देऊन आला?"

"हो."

"कायले दिली?"

धम्मरत्न आठ लाखांचं सांगू लागला, तर पलीकडून नुसता गिरणीचा आवाज येत होता. नानाजींनी फोन बाजूला ठेवून दिला होता. त्यानं फोन कापला आणि बोरी अरबच्या गिरणीचा नंबर लावला. अजून एकोणसाठ जणांना हेच सांगायचं होतं.