माझ्या मशीनवरचं त्यांचं नाव

रोह्याजवळच्या वरसे गावात आमच्या घरमालकांचं नाव नसलेली वस्तू दिसली, तर ती त्यांच्या नजरेतून सुटली असं समजावं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन दिवसभर फिरायचे. बादली, खराटा, छत्री, नारळाचं खोड, सगळ्यांवर पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरांत पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शेजारणीची शिडी मागून आणली, ती परत गेली तेव्हा तिच्यावरही नाव. ती कुरकुरली, “गुरुजी, शिडी आमची हाय.” “व्हय गो, तुमचीच. पण हरवली तर लोक माझ्याकडं आणतील, मी तुला आणून देईन.” या श्रद्धेला कारण होतं. एकदा त्यांची छत्री पेणला रामवाडीच्या थांब्यावर राहिली, आणि कोणा भल्या माणसानं नाव वाचून ती रोह्याच्या एस्टीत कंडक्टरकडे दिली. तेव्हापासून नाव घातलेली वस्तू घरी परत येते, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

मी उदगीरकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्याला इथल्या कंपनीत कंत्राटी काम लागलं म्हणून आलो. वडिलांनी जुन्यातलं घेऊन दिलेलं शिलाई मशीन, तेवढंच माझं म्हणावं असं सामान. उजेडासाठी ते पडवीत ठेवलं, तर गुरुजी ब्रश घेऊन हजर. मी घाबरत म्हटलं, “ते माझं आहे.” “तुझंच. पण तुझं नाव इथं कोण वळखतो? माझं असलं की कोणी हात लावणार नाय.” परक्या गावात असं बोलणारं माणूस भेटलं, म्हणून त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

पुतण्याच्या कर्जाला गुरुजी जामीन राहिले होते. पुतण्या गाव सोडून गेला, आणि पतसंस्थेनं कोर्टातून जप्तीचा हुकूम आणला. बेलिफाला काही शोधावंच लागलं नाही. प्रत्येक वस्तू आपण कोणाची ते सांगत होती. भांडी-अंथरूण सोडून त्यानं पंखा, कपाट, सायकल टेम्पोत चढवली. मग मशीन. मी त्याच्यापुढं आडवी उभी राहिले. “ताई, नाव यांचं आहे,” तो बिचारा हळूच म्हणाला. “तुमचं असेल तर कोर्टात हरकत घ्या.” नवऱ्याचं कंत्राट तेव्हा संपलेलं, घर त्या मशीनवरच चालायचं. पावती नव्हती. वडीलही राहिले नव्हते. गुरुजी पडवीत ब्रश धरून उभे होते. त्यातला रंग जमिनीवर गळत होता.

हरकतीचा अर्ज वकिलानं लिहिला, साक्षीला गुरुजी उभे राहिले. समोरचा वकील म्हणाला, “भाडेकरणीला पुढं करून स्वतःचं सामान वाचवताय. दुसऱ्याच्या मशीनवर कोण आपलं नाव घालतं?” गुरुजी म्हणाले, “साहेब, बाहेर जो बाक हाय, त्याच्या पाठीमागं बघा.” शिपाई गेला आणि तोंड शक्य तितकं सरळ ठेवून परत आला. “आहे साहेब. वडिलांच्या नावासकट.”

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, “बाकही तुमचाच का?”

“नाय साहेब. तारखांना बसून बसून घातलं. बाक तुमचा, मशीन हिचं. माझं नुसतं नाव हाय.”

बाक स्वतः घासून साफ करायचा दम त्यांना मिळाला, आणि मला मशीन. बाकीचं लिलावात गेलं. रोह्यात कोणाकोणाच्या घरी त्यांच्या नावाचा पंखा फिरत असेल, सायकल उभी असेल. एकही वस्तू परत आली नाही. गुरुजी पेणला लेकीकडे गेले.

मध्यंतरी मी डब्यात लाडू घेऊन भेटायला गेले. त्यांनी सवयीनं डबा उलटा करून बुड पाहिलं. “नाव नाय घातलंस? हरवेल गो.” मग थोड्या वेळानं डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, “नको. नको घालूस.”

मशीनवर त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर माझ्या मनगटानं घासून पुसट होत चाललंय. आता शिवायला बसताना मी त्यावर कापडाची घडी ठेवते.